नाशिकरोड ते राउरकेला : दत्तक बाळ आणायला जाणाऱ्यांसाठी

नाशिकच्या जोडप्याला बाळ नाशिकच्याच संस्थेतून मिळेल असं नसतं. 'कारा' म्हणजे दत्तक देण्याचं काम पाहणारं केंद्रीय प्राधिकरण. त्याच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी करताना जी राज्यं निवडली असतील, त्यांपैकी कुठूनही रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेलं बाळ, येऊ शकतो. इथे उदाहरणादाखल ओडिशातला सुंदरगड जिल्हा घेतला आहे, कारण नाशिकरोडहून तिथल्या राउरकेल्याला गाडी न बदलता जाता येतं. छत्तीसगड किंवा झारखंडला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोक जाण्याची तयारी करतात, आणि अडचणी सगळ्या येताना येतात. जाताना दोन मोठी माणसं आणि एक फाइल असते. येताना ज्याला तुमचा वास, भाषा, हात काहीच ओळखीचं नाही असं एक मूल असतं. म्हणून बॅग भरताना, तिकीट काढताना, रजा मागताना परतीचा विचार आधी करा.

४८ तासांत काय होतं

रेफरल आला की बाळ राखून ठेवायला ४८ तास मिळतात. त्या वेळात हातात असतं ते एवढंच : फोटो, बाळाची माहिती देणारा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. राखून ठेवल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत संस्थेत जाऊन बाळाला भेटणं, दत्तक समितीची बैठक आणि स्वीकृती हे सगळं आटपावं लागतं. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ रेफरल आल्यावर शोधायचा नसतो. गृहभेट अहवाल (समाजसेविका तुमच्या घरी येऊन करते तो) झाला की लगेच एका डॉक्टरांशी बोलून ठेवा, 'अहवाल रात्री पाठवला तर सकाळी बघाल का' इतकं स्पष्ट विचारून. शनिवारी दुपारी रेफरल आला आणि डॉक्टर सोमवारी संध्याकाळी भेटणार, यात मुदत निघून जाते.

डॉक्टरांकडे नुसतं 'बाळ ठीक आहे का' असं विचारू नका. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांचे एकापेक्षा जास्त तारखांचे आकडे आहेत का ते पाहायला सांगा. एकाच दिवसाच्या आकड्यावरून वाढ कळत नाही. एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी १८ महिन्यांच्या आतल्या बाळात आईच्या अँटिबॉडीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी) झाली आहे का ते विचारावं. पश्चिम ओडिशाच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. त्याची एचपीएलसी चाचणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळात नीट वाचता येत नाही, आणि बाळाला रक्त चढवलं असेल तर पुढचे तीनेक महिने तिच्यावर विसंबता येत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची आणि ऐकण्याची तपासणी झाली आहे का, हे वेगळं विचारा. संस्थेला असे प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. चांगली संस्था उत्तर देते, नसलेली चाचणी करूनही घेते.

फाइल

पोर्टलवर चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि स्वाक्षरी केलेले तीन संच बरोबर हवेत. आधार, पॅन, जन्मदाखले, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, डॉक्टरांचे दाखले, गृहभेट अहवाल. हा अहवाल तीन वर्षं चालतो, पण मध्ये घर, नोकरी किंवा कुटुंबातली माणसं बदलली असतील तर तसं आधीच कळवलेलं असावं.

खरा घोळ नावांचा असतो. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, विवाह प्रमाणपत्रावर मधलं नावच नाही. नाशिकमध्ये निभावून जातं, दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात अडतं. तिथल्या कारकुनाला आपल्याकडची वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लिहिण्याची रीत ठाऊक असेलच असं नाही. पोर्टलवर इंग्रजीत जसं नाव आहे तसंच पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशात आणि बाळाच्या जन्मदाखल्यात उतरतं. तेव्हा दुरुस्ती निघण्यापूर्वी, इथेच करून घ्या. लग्नाची नोंदच झालेली नसेल तर महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात (पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड, पूर्व, पश्चिम यांपैकी जे असेल तिथे) आजच चौकशी करा.

शुल्क दत्तक नियमावलीच्या परिशिष्टात दिलं आहे तेवढंच भरायचं, आणि पावती घ्यायची. त्याबाहेर 'देणगी' मागणारा किंवा यादीत वर आणून देतो म्हणणारा भेटला तर तिथेच थांबा. मुलाची खरेदी-विक्री बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे, आणि त्यात देणारा-घेणारा दोघंही येतात.

गाडी

नाशिकरोडवरून जाणाऱ्या दोन 'हावडा मेल' आहेत आणि तिकीट काढताना लोक हमखास फसतात. नागपूर, बिलासपूरमार्गे जाणारी १२८०९/१२८१० हीच राउरकेल्याला जाते. १२३२१/१२३२२ जबलपूर, प्रयागराज, गयामार्गे जाते आणि राउरकेल्याच्या आसपासही फिरकत नाही. नागपूरमार्गे जाणारी मेल नाशिकरोडला मध्यरात्रीच्या सुमारास येते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. बारा वाजले की तारीख बदलते, आणि एक दिवस उशिरा स्टेशनावर पोचलेली कुटुंबं नाशिकरोडला नवी नाहीत. जाण्याला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो.

जाताना मेल चालेल, येताना नको. मुंबईकडे येणारी तीच मेल राउरकेल्याला उत्तररात्री येते, आणि झोपेतून उठवलेलं मूल अनोळखी माणसांच्या कडेवर फलाटावर काय करेल हे सांगायला नको. हावड्याहून दुपारी सुटणारी गीतांजली राउरकेल्याला संध्याकाळनंतर लागते. मूल गाडीत थोडं रमतं, झोपतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास नाशिकरोडला उतरतं. वेळापत्रक बदलतं, म्हणून आरक्षणाच्या दिवशी ताजी वेळ पाहा.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, पण रेफरलनंतर तुमच्याकडे ३० दिवससुद्धा नसतात. परतीची तारीख तर समितीच्या बैठकीवर अवलंबून. व्यवहार्य मार्ग असा : परतीची दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटं काढा आणि नको ते शक्य तितक्या लवकर रद्द करा, म्हणजे ठरावीक रक्कमच कापली जाते. तत्काळवर भिस्त ठेवू नका. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळं तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही. तीन-चार वर्षांचं मूल असेल तर पूर्ण भाडं भरून बर्थ घ्या. थर्ड एसीत एक लोअर आणि त्याच्या समोरचा लोअर मिळाला तर उत्तम, साइड बर्थ टाळा. आणि २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत नाशिकरोडला उतरणारं पक्कं तिकीट मिळणं अवघड जाईल, तेव्हा कल्याण किंवा मनमाडचा पर्याय मनात असू द्या.

तिथे गेल्यावर

राउरकेल्यात हिंदी सर्रास चालते. एप्रिल ते जूनमध्ये सुंदरगड-झारसुगुडा पट्ट्यातला उन्हाळा आपल्या नाशिकच्या उन्हाळ्यासारखा नाही. खोली एसीची घ्या आणि संस्थेत सकाळी जा.

शक्य असेल तर दोन-तीन दिवस रोज जा, आणि जेवणाच्या वेळी जा. पहिल्या भेटीत मूल रडलं, पाठ फिरवली, दाईला घट्ट धरलं, तर ते चांगलं लक्षण समजा. त्याला माणसाला धरून राहणं येतं. ओळख नसताना लगेच कुणाच्याही कडेवर जाणाऱ्या मुलाबद्दल उलट जास्त प्रश्न विचारावेत. सासू-सासरे, आत्या, मावशी यांना नाशिकलाच थांबू द्या.

दाईला विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. दूध कुठल्या कंपनीचं, किती पाण्यात किती चमचे, बाटलीच्या निपलचं भोक लहान की मध्यम? भात मऊ की मोकळा? झोपवताना पाठीवर थोपटतात की झोळी? शी-शूला कुठला शब्द? दाईचा आवाज तिच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करा, अंगाईसकट. निघताना बाळाचं रोजचं पांघरूण किंवा दुपटं मागा आणि घरी नेऊन लगेच धुवू नका.

दूध पहिले दोन आठवडे बदलू नका. इथे लोकांचा उत्साह फार नडतो : नवं भारीतलं दूध, नाचणीचं सत्त्व, बदाम, सगळं पहिल्याच आठवड्यात. जुलाब लागतात आणि मग कारण सापडत नाही.

संस्थेतल्या मुलांना खरूज किंवा उवा असणं सामान्य आहे. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, कमरेला पुरळ दिसलं तर परतल्यावर डॉक्टरांना दाखवा. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागतं, नाहीतर ती फिरत राहते.

परतीची बॅग

एक लिटरचा थर्मास, दोन बाटल्या, वाटी-चमचा, चालू दुधाचा एक न उघडलेला डबा. तयार दूध दोन तासांनी फेकायचं, मग कितीही उरलेलं असो. डायपर वजनावरून ठरवा, वयावरून नाही. बाळाला लंगोटाची सवय असेल तर सलग डायपरने अंग लाल होतं, म्हणून दोन-तीन तासांनी मोकळं ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत टाकणं धोक्याचं.

पॅरासिटामॉलबाबत फार जपा. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. सिरपच्या मापाने थेंब दिले तर कित्येक पट जास्त औषध जातं. एकच बाटली न्या, आणि बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांकडून लेबलवर मिलीत लिहून घ्या.

कागदांत सगळ्यात वर ठेवायचं ते दत्तकपूर्व संगोपनाचं (आदेश होण्याआधी बाळ तुमच्याकडे सांभाळायला दिल्याचं) पत्र, बाळाच्या फोटोसह, संस्थेच्या सही-शिक्क्याचं. या टप्प्यावर तुमच्या नावाचा जन्मदाखला नसतो. भुसावळ, मनमाडसारख्या स्टेशनांवर रेल्वे सुरक्षा दल लहान मुलांवर नजर ठेवून असतं, आणि तुमच्याकडे न जाणारं, परक्या भाषेत रडणारं मूल पाहून त्यांनी विचारलं तर ते त्यांचं काम करताहेत. रागावू नका, पत्र दाखवा. विमानाने येणार असाल तर दोन वर्षांखालच्या बाळासाठी वयाचा पुरावा मागतात, तो कोणता चालेल हे कंपनीकडून लेखी घ्या. पत्रावर बाळ ताब्यात दिल्याची तारीख स्पष्ट असू द्या, रजेच्या अर्जाला तीच लागते. बाळाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. आदेश अजून झालेला नाही.

दुसरी खेप

स्वीकृतीनंतर दहा दिवसांत बाळ संगोपनासाठी ताब्यात मिळतं, पण कायद्याने ते तुमचं होतं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. १ सप्टेंबर २०२२पासून हे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं आहे. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो आणि सुनावणी बंद दाराआड होते. तुम्हाला बोलावलं जाईल असं धरूनच रजा राखा.

इथे नकाशा पाहणं महत्त्वाचं. राउरकेला मोठं शहर असलं तरी जिल्ह्याचं ठिकाण सुंदरगड आहे, राउरकेल्याहून रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. त्याच लोहमार्गावर अलीकडे लागणारं झारसुगुडा सुंदरगडपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. म्हणून सुनावणीसाठी तिकीट झारसुगुड्याचं काढा.

आदेशाची प्रत हाती आली की तिथेच, कार्यालयाच्या बाहेर पडण्यापूर्वी, दोघांची नावं, बाळाचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहा. जन्मदाखला या आदेशावरून निघतो आणि बाळाचं आधार त्या दाखल्यावरून. नाशिकला परतल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतील. ती मुदत बाळ संगोपनासाठी घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, आदेशाच्या तारखेपासून नाही.