दादाची शेड आणि माझी प्लेट

कुडाळच्या लॅबमध्ये सकाळी गेले की मी आधी इन्क्युबेटर उघडते. रात्रभर ३७ अंशांत ठेवलेल्या, रुग्णाचे जंतू पसरलेल्या प्लेटवर अँटिबायोटिकच्या बारक्या डिस्क असतात. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती जंतू वाढत नाहीत, गोल मोकळा झोन दिसतो. गेल्या आठवड्यात एका आजींच्या लघवीतला ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला अगदी चिकटून वाढला होता. रिपोर्टवर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा, असं लिहिताना मला दादाची शेड आठवली.

दादाकडे ब्रॉयलर आहेत. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, लाईट बिल आणि राबणं त्याचं. पिल्लं उतरली की पहिले काही दिवस पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, आजारी असोत वा नसोत. कोंबडीच्या अंगात याच औषधाचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. तिच्या आतड्यातला जो ई. कोलाय त्यातून वाचतो, त्याला माणसाची गोळीही बहुधा मारत नाही.

आजींचा जंतू कोंबडीतूनच आला, असं एका प्लेटवरून सांगता येत नाही. सागोती रटरट शिजते, तिच्यात जंतू टिकत नाहीत. मला भीती वाटते ती कच्चं चिकन धुतलेल्या हातांनी सोलकढीवर कोथिंबीर घालण्याची. आणि शेडमधलं ताजं खत थेट मुळा-माठाच्या वाफ्यात जातं, त्याची.

शिवाय जंतू एकमेकांना प्रतिकाराची जनुकंही देतात. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत, कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांतही एमसीआर-१ हे असं जनुक सापडलं, ज्याच्यामुळे जंतू कोलिस्टिनला दाद देत नाहीत. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं शेवटच्या फळीतलं औषध! आपल्याकडे जनावरं आणि कोंबड्यांसाठी ते बंद झालं जुलै २०१९ मध्ये.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “औषध नाय दिलां आणि पिल्लां मेली तर? नुकसान माझा.” त्याचं खरं आहे. पावसाळ्यात खालचा तूस ओला होतो, अमोनिया डोळ्यांना झोंबतो, पिल्लं धापा टाकतात. म्हणून मी औषधावरून वाद घातला नाही, तुसावरून घातला. आता आम्ही तूस रोज परततो, पिल्लांच्या पाण्याची गळकी निपल बदलली, दाराशी पाय बुडवून आत यायला चुन्याचं घमेलं ठेवलं. पिल्लू मेलं तर आधी डॉक्टरांकडून चिरून बघायचं, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी, माझ्या लॅबमध्ये लावायचं, मगच औषध, एवढं दादाने कबूल केलंय. कंपनीच्या सुपरवायझरशी तो सोमवारी बोलणार आहे. मीही रजा टाकलीय.