चार मतं आणि दुसरी फेरी

आमच्या संघटनेचा नवा अध्यक्ष निवडणाऱ्या अधिवेशनासाठी शाखेच्या सभेत प्रतिनिधी म्हणून माझं नाव पुढे आलं तेव्हा वाटलं होतं, दोन दिवस जायचं, भाषणं ऐकायची आणि मत टाकून परत यायचं. मग संघटनेची घटना वाचायला घेतली. तिच्यात शाखेच्या सभासदसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी दिले होते आणि आमच्या वाट्याला चार जण आले होते. म्हणजे माझ्या एका मतामागे शाखेतली पंधरा-वीस मुलंमुली उभी होती. ते कळल्यावर मी प्रत्येक कागद दोनदा वाचू लागले.

सगळीकडे हेच प्रमाण असतं असं नाही. जागतिक स्काउट परिषद दर तीन वर्षांनी भरते आणि तिथे देश लहान असो वा मोठा, प्रत्येक सदस्य संघटनेला सहाच मतं असतात. एका पद्धतीत माणसं मोजली जातात, दुसरीत संघटना. आमच्याकडे माणसं मोजली जात होती, आणि ते मला जास्त जबाबदारीचं वाटत होतं.

अध्यक्षपदासाठी तीन उमेदवार होते. निघण्याआधी शाखेने हात वर करून एक नाव ठरवलं. प्रशिक्षण शिबिरांचं काम त्या ताईने वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. "चारही मतं तिलाच," हे आमच्याकडून कबूल करून घेतलं गेलं, आणि आम्हीही मनापासून हो म्हणालो.

अधिवेशनात आधी नोंदणी झाली. शाखेचं पत्र आणि ओळखपत्र दाखवल्यावरच मतदानाचं कार्ड मिळत होतं. एका शाखेने आयत्या वेळी बदली प्रतिनिधी पाठवली होती, पण तिच्याकडे पत्र नव्हतं. तिला निरीक्षक म्हणून मागे बसावं लागलं. ती रडवेली झाली होती, मलाही फार वाईट वाटलं. तरी समितीचं बरोबरच होतं. पत्राशिवाय एकीला सोडलं असतं तर पुढच्या कोणाला अडवणार?

११२ प्रतिनिधींची नोंद झाली, गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान उपस्थिती, जाहीर झाली. कोषाध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला होता, ती निवड बिनविरोध. मग अध्यक्षपदाची भाषणं आणि प्रश्नोत्तरं.

भाषणांपेक्षा प्रश्नोत्तरांतच माणूस दिसतो, हे मी त्या दिवशी शिकले. कोणीतरी विचारलं, "लहान शाखांना प्रवासखर्च देणार का?" पहिल्या उमेदवाराने लगेच हो म्हटलं, टाळ्या पडल्या. आमच्या ताईने प्रश्न शिबिरांकडे वळवला. तिसरा उमेदवार मात्र हिशेबाचा कागद उघडून म्हणाला, "यंदाच्या शिलकीत सगळ्यांचा खर्च बसत नाही. निम्म्या शाखांचा बसतो. कोणत्या निम्म्या, ते कार्यकारिणीत ठरवावं लागेल." सभागृह शांत झालं. मी वहीत त्याच्या नावाखाली रेघ मारली आणि त्याच क्षणी अस्वस्थ झाले, कारण माझं मत आधीच दिलेलं होतं.

मतदान गुप्त होतं. छापील मतपत्रिका, आडोसा, पेटी. ही पद्धत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत कायद्याने आली. त्याआधी अनेक ठिकाणी उघड मत द्यावं लागे आणि मालक, जमीनदार पाहत उभे राहत. आडोशाआड मला पाहणारं कोणी नव्हतं. तरी मी आमच्या ताईच्याच नावापुढे खूण केली. शब्द दिला होता.

१०९ मतपत्रिका निघाल्या, दोन बाद झाल्या. एकीवर दोन नावांपुढे खुणा होत्या. दुसरीवर मतदाराने खाली सही केली होती. सहीमुळे ते मत कोणाचं हे उघड होत होतं, म्हणून ते गेलं. उरलेल्या १०७ मतांपैकी पहिल्या उमेदवाराला ४७, कागद उघडणाऱ्याला ३८ आणि आमच्या ताईला २२. घटनेप्रमाणे निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ मतं हवी होती. कोणालाच मिळाली नाहीत. शेवटची उमेदवार गळाली, दुसरी फेरी जाहीर झाली, मध्ये वीस मिनिटं सुट्टी.

आम्ही चौघं जिन्यात उभे राहिलो. शाखेने दिलेलं नाव संपलं होतं आणि पुढचं कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्यातला एक म्हणाला, "मग कोरी टाकू." मला ते पटेना. शाखेने आम्हाला गप्प बसायला पाठवलं नव्हतं. शाखेने ताईचं नाव का निवडलं होतं? कामाची माहिती असलेली व्यक्ती हवी म्हणून. त्याच कसोटीवर मी आता हिशेबाचा कागद उघडणाऱ्याला निवडत होते. दोघं माझ्याशी सहमत झाले, चौथ्याने काय केलं हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या फेरीत १०८ मतपत्रिका आल्या, दोन कोऱ्या. ५४ विरुद्ध ५२, आणि पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार निवडून आला. लगेच हरकत आली: १०८ मधले ५४ म्हणजे बरोबर निम्मे, निम्म्याहून अधिक कुठे? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी कलम वाचून दाखवलं. कोरी मतपत्रिका दिलेल्या मतांत धरत नाहीत, म्हणून एकूण १०६ आणि बहुमत ५४. हे कलम अधिवेशनाच्या खूप आधी लिहिलेलं होतं म्हणूनच हरकत घेणारा खाली बसला. मतं मोजून झाल्यावर असा नियम ठरवायची वेळ आली असती तर संघटना त्याच दिवशी दुभंगली असती.

परत आल्यावर शाखेच्या सभेत मी दोन्ही फेऱ्यांतलं माझं मत सांगितलं. गुप्त मतदानाने मला न सांगण्याचा हक्क दिला होता. पण ज्यांनी पाठवलं त्यांना हिशेब द्यावा असं मला वाटत होतं. एक दादा चिडले. "आम्हाला फोन करून विचारायचं होतंस." सुट्टी वीस मिनिटांची होती आणि शाखेत साठ-सत्तर जण, हे मी सांगितलं, तरी त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही.

त्यातूनच ठराव आला. फ्रेंच विचारवंत काँदोर्सेने १७८५ सालीच दाखवलं होतं की तीन उमेदवार असले की नुसती पहिली पसंती विचारून गटाचं मन पुरतं कळत नाही. आम्ही आता निघण्याआधी सभेत तिन्ही नावांचा क्रम लावतो, लिहून घेतो, आणि खाली एक ओळ असते: अधिवेशनात नवी माहिती समोर आली तर प्रतिनिधीने स्वतःच्या विचाराने मत द्यावं आणि परत आल्यावर कारण सांगावं. ती ओळ त्या चिडलेल्या दादांनीच सुचवली.