पात मागं राहती

दिवाळी सरली की आमच्याकडे खांदे यायला लागतात. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवायचं तर शेतीचं वेळापत्रक पाठ हवं. कापूस वेचणीत मान, खांदा, मनगट. ऊसतोडीहून माणसं परतली की कंबर. शेक, मशीन, व्यायाम, आणि जरा बरं वाटलं की पेशंट गायब.

या मावशीही खांद्यासाठीच आल्या. पन्नाशी ओलांडलेली, उजवा खांदा धरलेला. फाइलमध्ये खांद्याचा एक्स-रे, मानेचा आणि मेंदूचा एमआरआय, सगळं नॉर्मल. एवढा पैसा घालून नॉर्मल आलं म्हणजे दुखणं खोटं, असा निकाल घरात लागून गेला होता. सून बसायच्या आधीच सुरू झाली, "खांद्याचं बघा म्याडम, पन ह्या कामच करीनात. पात मागं राहती. सांजच्याला काट्यावर बाकीच्या बायांच्या निम्मा कापूस. आन् वरडलं की हात बराबर चालतोय!"

पात म्हणजे वेचायला प्रत्येकीनं धरलेली पिकाची ओळ, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे या बाईच्या हाताचं मोजमाप रोज संध्याकाळी होत होतं, फक्त ते कुणी डॉक्टर वाचत नव्हतं.

खांदा खरंच आखडला असेल तर मी हात बाहेर वळवायला गेले की तो एका ठरावीक जागी अडतो. यांचा अडला नाही. वळत गेला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड. ताकद पूर्ण. कोपर वाकवून-सरळ करून पाहिलं तर किंचित काहीतरी जाणवलं. मग डाव्या हाताची मूठ उघड-मीट करत राहायला सांगितलं, आणि उजव्या कोपरात दातेरी चाक फिरावं तसं टक्-टक् लागायला लागलं. या तपासणीला अर्धं मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. दोन एमआरआय झालेल्या बाईच्या कोपराला तोवर कुणी हात लावलेला नसावा, हे मला अजून पचत नाही.

मग बोटं. अंगठा आणि तर्जनी, जमेल तितकी मोठी उघडझाप, भराभर. डावा हात ठीक. उजव्याचे पहिले चार-पाच झकास, मग अंतर कमी होत गेलं, शेवटी बोटं जेमतेम सुटत होती. थरथर अजिबात नाही. मला शंका आली ती पार्किन्सनची, हालचाल मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराची. पार्किन्सन म्हटलं की लोक थरथर शोधतात; कितीतरी जणांना ती सुरुवातीला नसतेच, मंदपणा मात्र असतो.

गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावली. चकरेच्या आणि पित्ताच्या काही गोळ्यांनीही अशीच हालचाल मंदावते, आणि आपल्याकडे त्या महिनोन्महिने चालू राहतात. पिशवीत फक्त बीपीची गोळी निघाली.

पुढच्या खेपेला मी त्यांना पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडांच्या फांद्या आणायला सांगितल्या. मुलाला वाटलं, म्याडमला वाती वळायच्या असतील. वाळूच्या बादलीत फांद्या रोवल्या, मोबाइलवर शूटिंग चालू केलं, म्हटलं वेचा. समोर बघून, गप्प राहून मावशींनी दोन्ही हातांनी सुरेख वेचलं. मग विचारलं, "नातवाचं जावळ कुठं काढलं?" त्या सांगायला लागल्या. पाहुणे, बोकड, मामाचा रुसवा. आणि उजवा हात आक्रसत गेला. बोटं बोंडापर्यंत जायची, अर्धा कापूस ओढायची, अर्धा तिथेच. डावा हात आपला चालूच. मी म्हटलं, "मावशी, हात मोठा!" पुढचं बोंड एका झटक्यात रिकामं.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं, "बघा. म्या काय म्हनत व्हते?"

जो पुरावा मला निदानाकडे नेत होता, तोच घरात त्यांच्या कामचुकारपणाचा पुरावा होता.

मेंदूच्या खोडात वरच्या बाजूला, मिडब्रेनमध्ये, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी मेंदूतल्या पुटामेन नावाच्या भागाला डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं निरोप्या रसायन, पुरवतात. हातापायांत लक्षणं दिसेपर्यंत पुटामेनमधलं डोपामिन साधारण ६० ते ८० टक्के घटलेलं असतं. साध्या एमआरआयवर ही झीज सहसा दिसतच नाही. डोपामिन घटलं की हालचालीला दाबून धरणारे संदेश वरचढ ठरतात. स्नायू धडधाकट, पण मेंदू हालचाल सोडतो ती तोकडी, आणि दर वेळी आणखी तोकडी. झीज एका बाजूला आधी वाढते. मावशींचा उजवा हात म्हणजे मेंदूची डावी बाजू. त्यातही पुटामेनचा मागचा भाग आधी रिकामा होतो, आणि अंगवळणी पडलेल्या हालचाली तोच सांभाळतो, असं मानलं जातं. लक्ष देऊन करायची कामं सांभाळणारा पुढचा भाग तुलनेनं शाबूत राहतो. म्हणजे जन्मभर न बघता केलेलं काम आधी बिघडतं, आणि कुणी ओरडलं की लक्ष जागं होऊन हात दुसऱ्या वाटेनं चालतो. हे स्पष्टीकरण मला त्या बादलीसमोर पटलं.

संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्टनी तपासून पार्किन्सनच सांगितला. डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपा ही गोळी सुरू झाली, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण डाळी-दुधातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. खांदा मोकळा झाला, काट्यावरचा आकडाही वर सरकला. सून आता ओरडत नाही, शेजारची पात धरून आकडे मोजते. तेही चालतं, बाहेरून ताल मिळाला की हात मोठा राहतो.

मी आणखी एक सांगितलं, वेचताना बोलू नका. मावशींनी मलाच सुनावलं, "आख्खा दिस गप ऱ्हाऊन येचायचं व्हय? बाया बोलत्यात म्हनून तर पात सरती."

कागदावरची ती ओळ मी खोडली. गोळीचा जोर नेमका वेचणीच्या वेळी राहील अशा वेळा बांधता येतील का, ते डॉक्टरांना विचारायला खाली लिहून दिलंय.