डोंगरांसाठी

मंगळवार, रात्र

हसले सगळे. वाईट हसले नाहीत, पण हसलेच.

फ्रान्स-स्पेनच्या मधल्या या चिमुकल्या अंडोरात राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं तर इथली कॅटलन भाषा यायला हवी, म्हणून हा संध्याकाळचा वर्ग. आज बाईंनी एकेकाला विचारलं, अंडोराला का आलात? पोर्तुगीज काका म्हणाले, काम. अर्जेंटिनाची पोरं म्हणाली, बर्फ. म्हणजे स्कीच्या हंगामातली नोकरी. हॉटेलात खोल्या आवरणारी पेरूची बाई म्हणाली, मुलगा. मी म्हणाले, डोंगर. बाईसुद्धा हसल्या.

भोरच्या मुलीला डोंगर बघायला पिरेनीजपर्यंत यावं लागतं होय! खरं उत्तर अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. पहिल्या २४,००० युरोंवर शून्य, पुढे कितीही कमवा, आयकर १० टक्क्यांच्या वर जात नाही. २०१५पूर्वी पगारावर तोही नव्हता. हे कॅटलनमध्ये म्हणता आलं असतं मला, आकडेच तर शिकून झालेत.

मग का नाही म्हटलं? ती पेरूची बाई समोर बसली होती म्हणून? मागे तिनंच सांगितलं होतं, घरमालक भाडं वाढवतोय, सीमेपलीकडे स्पेनमधल्या ला सेऊ गावात जागा बघतेय. तिच्या खोलीत नंतर कोण येणार, ते ती बोलली नाही. माझ्यासारखंच कुणीतरी, लॅपटॉप घेऊन. सगळ्यांचं हसणं थांबलं तरी तिचं चालूच होतं. की मलाच तसं वाटलं?

आणि मला तरी काय मिळालं? वर्षातले १८३ दिवस इथं काढायचे. गौरी-गणपती की दिवाळी, एक काहीतरी निवडायचं. विमानतळ नाही, रेल्वे नाही. आधी बार्सिलोनापर्यंत तीन तास बस, मग पुढचं सगळं. आईच्या वेळी... जाऊ दे. नागरिकत्व हवं तर वीस वर्षं थांबा आणि आपला पासपोर्ट सोडा. इथं निम्म्याहून जास्त लोक बाहेरचेच आहेत, मी एकटी नाही. पण त्यांच्यावर नाही ना कुणी हसलं.

उज्ज्वलाला फोन केला. म्हणाली, "आमच्या सोसायटीत फ्लॅट घेताना निम्मे पैसे पिशवीतून गेले, कुणी लाजलं का? तू निदान कायद्यानं वाचवतेस. झोप आता."

तेही खरंच. आणि या देशानं तरी पिढ्यान् पिढ्या काय केलं? डोंगरातल्या वाटांनी तंबाखू चोरून पलीकडे नेली. अजूनही खाली उतरताना स्पॅनिश कस्टमवाले डिकी उघडायला लावतात. बहुतेक वस्तूंवर विक्रीकर ४.५ टक्के, त्यामुळे शनिवारी खरेदीच्या मेरित्शेल रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ते सगळे काय डोंगर बघायला येतात? बरं, या देशाला राजे दोन. एक ला सेऊचा बिशप, दुसरा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. दोघंही इथं राहत नाहीत! १८३ दिवसांचा नियम लावला तर दोघंही बाद. मी निदान हजेरी तरी भरते.

पुढच्या वर्गाला 'माझं घर' यावर पाच वाक्यं लिहून न्यायचीत. चार झाली. भाड्याचा आकडा घालायचा नाही असं ठरवलं होतं, पण तिच्या शेजारी बसायचं तर घालावाच लागेल. नाहीतर ती सरळ विचारेल, सगळ्यांसमोर.