रोजंदारी कामगारांची केस आणि नगरपरिषदेची बाजू, माझा अनुभव

मी नगरपरिषदेत आस्थापना विभागात लिपिक आहे. पाणीपुरवठ्याच्या 23 रोजंदारी कामगारांनी आम्हाला कायम करा म्हणून आमच्यावर औद्योगिक न्यायालयात केस टाकली होती, ती सुरुवातीपासून निकालापर्यंत मी सांभाळली, चार वर्षं. कामगारांच्या बाजूने युनियनवाले लिहितात, वकील निकालांवर लिहितात, पण ऑफिसात बसून ही केस सांभाळणाऱ्याला काय काय करावं लागतं ते कुठे वाचायला मिळालं नाही मला, म्हणून लिहितोय. उद्या तुमच्या टेबलावर असं समन्स आलं तर उपयोग होईल.

समन्स आलं तेव्हा ते टेबल माझ्याकडे नव्हतंच. आधीच्या लिपिकाची बदली झाली आणि चार्ज घेताना गठ्ठ्यात ते सापडलं, आवकचा शिक्का दोन महिन्यांपूर्वीचा. तोवर दोन तारखा होऊन गेलेल्या. पहिल्या तारखेला नगरपरिषदेतर्फे कुणीच हजर नाही म्हणून अंतरिम आदेश झालेला, यांना कामावरून काढू नका म्हणून, आणि नंतर लेखी जबाब आला नाही म्हणून जबाबाशिवायच केस पुढे चालवायची असा शेरा रोजनाम्यावर. सीओ साहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, फाइल दाखवली, ते म्हणाले वकालतनामा तयार करा, मी सही करतो, उद्याच वकिलांकडे जा.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं वकील लावायचा म्हणजे एक फोन. आमच्याकडे वकिलाचं नाव पॅनेलवर, म्हणजे मंजूर यादीत, असावं लागतं, मग टिपणी, मंजुरी, ठरलेल्या दराने फी, आणि ती फीसुद्धा वेळेवर मिळत नाही. आमच्या वकील मॅडमची आधीच्या चार केसेसची बिलं लेखा विभागात पडून होती. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत पण मी आधी ती बिलं काढायला लावली, पंधरा दिवस मागे लागून. ज्यांच्या भरवशावर आपण कोर्टात उभे राहतो त्यांची फी दोन-दोन वर्षं थकवायची हे मला अजिबात पटत नाही, आणि असं केलं की चांगले वकील हळूहळू पॅनेल सोडून जातात हे मी पाहिलंय.

जबाब दाखल करू द्यावा असा अर्ज दिला, तो 1000 रुपये कॉस्ट, म्हणजे उशिराचा भुर्दंड, लावून मंजूर झाला. मग ही कॉस्ट कोणत्या लेखाशीर्षातून द्यायची यावर आठ दिवस गेले कारण लेखापाल म्हणाले ऑडिटला हा खर्च वसुलीत निघेल, शेवटी सीओ साहेबांनी लेखी आदेश दिला तेव्हा मुदतीच्या आदल्या दिवशी पैसे भरले.

तक्रार होती 1971 च्या कायद्याखाली, महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, बोलताना सगळे एमआरटीयू म्हणतात. त्याच्या परिशिष्ट 4 मधली बाब 6 म्हणते की कायमपणाचे फायदे द्यायचे नाहीत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी तेवढ्यापुरता), हंगामी, तात्पुरता असा ठेवला तर ती अनुचित प्रथा. त्या कोर्टात कागदांवर निशाणी पडते, कामगारांच्या कागदाला यू आणि समोरच्याच्या कागदाला सी, युनियन आणि कंपनी म्हणून. नगरपरिषद असली तरी आमच्या जबाबावर सी पडला. तो शिक्का पाहून मला पहिल्यांदा जाणवलं की इथे आपण मालक आहोत, बाकी काही नाही.

मॅडमनी परिच्छेदनिहाय अभिप्राय मागितले. पाणीपुरवठा विभागाने जे पाठवलं त्यात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच वाक्य, मान्य नाही, नाकारण्यात येते. मॅडमनी कागद वाचला आणि मला परत दिला. म्हणाल्या, "अहो, मी नाकारेन, मला एक ओळ लिहायचीय. पण साक्षीला तुम्ही उभे राहणार आहात. आधी हजेरीपट काढा, दहा वर्षांचे."

तर मी आणि एक शिपाई रेकॉर्ड रूममध्ये बसलो, ऑफिस सुटल्यावर, जवळजवळ तीन आठवडे. कसर लागलेले गठ्ठे, काही महिन्यांचे पट मिळालेच नाहीत. प्रत्येकाचे दिवस मोजायचे होते कारण सगळं वर्षात 240 दिवस काम भरलं का यावर येऊन थांबतं. मी सुरुवातीला नुसत्या हजर दिवसांच्या खुणा मोजत होतो, मॅडम म्हणाल्या पगारी सुट्ट्या पण धरा, सुप्रीम कोर्टाने 1985 लाच अमेरिकन एक्स्प्रेसच्या केसमध्ये सांगितलंय, मग परत पहिल्यापासून मोजलं.

मोजताना एक गोष्ट डोळ्यात भरली. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एकदम पाच-सहा दिवस खाडा, एकाच शाईने, एकाच हाताने ओढलेला. तेवीसच्या तेवीस माणसं एकाच आठवड्यात कशी गैरहजर राहतील, आणि राहिली तर गावाला पाणी कुणी सोडलं? म्हणून मी पंपगृहाचं लॉगबुक मागवलं. त्यात त्याच तारखांना रात्री 11 ला मोटर चालू, पहाटे 4.40 ला बंद, पुढे सही, आणि सही त्याच माणसाची ज्याच्या नावापुढे हजेरीपटात खाडा होता. मी पट आणि लॉगबुक शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो. तो माणूस मला रोज भेटायचा, साठीला आलेला, "साहेब, आमचं काय झालं" एवढंच विचारायचा.

लॉगबुक मी मॅडमना दाखवलं. दाखवावं की नाही हा विचार मनात आला हे खरं आहे, पण आपल्याच वकिलापासून कागद लपवला की तो नेमका समोरच्याच्या हातातून बाहेर येतो आणि तेव्हा वकिलाच्या तोंडी काही राहत नाही. मॅडम म्हणाल्या दिवसांवर खोटं शपथपत्र मी करणार नाही, आपली खरी बाजू पदांची आहे, तिथे उभं राहू.

आणि ती बाजू खरंच होती, ती काही पळवाट नाही. नगरपरिषदेला मनाने पदं काढता येत नाहीत, 1965 च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम 76 प्रमाणे संचालकांची मंजुरी लागते, आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, असतील तेवढीच पदं. 2006 च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की रीतसर भरतीशिवाय घेतलेल्यांना नुसत्या सेवेच्या जोरावर कायम करता येणार नाही. युनियनने त्यावर 2009 चा एसटी महामंडळाचा निकाल टाकला, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवीने जात नाहीत. आम्ही हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा 2016 चा तिरोडा नगरपरिषदेचा निकाल दिला, मंजूर पदच नसेल तर 240 दिवसांवर कायमपणा नाही म्हणणारा. म्हणजे सगळा प्रश्न येऊन राहिला तो हा, की आमच्या आकृतिबंधात पदं रिकामी होती का. होती, थोडी.

मधेच एका ड्रायव्हरचं प्रकरण कामगार न्यायालयात होतं, 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली. तिथे कलम 36(4) प्रमाणे समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तरच वकील उभा राहू शकत होता. समोरच्याने संमती दिली नाही. मग आमचे कार्यालय अधीक्षक उभे राहिले आणि मॅडम मागच्या बाकावर. ज्या ऑफिसात कुणालाच कोर्टाची सवय नाही तिथे हे फार जड जातं, एक तरी माणूस तयार करून ठेवा.

मूळ केसमध्ये साक्षीला मीच उभा होतो. उलटतपासणीत पट माझ्या हातात देऊन विचारलं, हा खाडा कुणी लिहिला. मी म्हटलं त्या वेळच्या मुकादमाने. या तारखांना हे लोक कामावर होते का? मी म्हटलं, लॉगबुकाप्रमाणे होते. कोर्टात शांतता झाली नाही की काही नाही, स्टेनोने टाइप केलं आणि पुढचा प्रश्न आला. पण संध्याकाळी ऑफिसात पाणीपुरवठ्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तू नगरपरिषदेचा पगार घेतोस की युनियनचा. ते मला फार लागलं. आजही मी तेच उत्तर देईन, शपथेवर उभं राहून नगरपरिषदेच्या नावाने खोटं बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

निकाल अर्धा-अर्धा लागला. 14 जणांच्या बाबतीत बाब 6 सिद्ध धरली, आणि रिकाम्या मंजूर पदांवर त्यांना घेण्याचा प्रस्ताव तीन महिन्यांत पाठवा असा आदेश. 9 जणांचे दिवस भरत नव्हते किंवा कागद नव्हते, त्यांची तक्रार फेटाळली. त्यातल्या काहींचे पट आमच्याकडूनच गहाळ होते, ते मला अजून टोचतं.

मग हायकोर्टात जायचं का यावर चर्चा. या निकालावर अपील नसतं, अनुच्छेद 227 खाली रिट करावी लागते. जायचंच असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, नुसतं जायचं म्हणून. मॅडमनी लेखी अभिप्राय दिला की पदं रिकामी आहेत आणि साक्ष अशी आहे, यश येणं अवघड. मी टिपणीत तो जोडला आणि खाली 14 पदांचा वर्षाचा खर्च, रिटची फी आणि तोवर अंगावर येऊ शकणारी थकबाकी असे तीन आकडे मांडले. सीओ साहेबांनी दोन दिवस फाइल ठेवली आणि प्रस्ताव पाठवा अशी सही केली.

प्रस्ताव दोनदा त्रुटी काढून परत आला, एकदा जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आणि एकदा आरक्षणाच्या बिंदुनामावलीसाठी, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं त्या तक्त्यासाठी. तिसऱ्या वेळी मी स्वतः घेऊन गेलो. 14 पैकी 11 जणांचे आदेश निघाले. तो लॉगबुकवाला म्हातारा माणूस त्या अकरात आहे, पण आदेश हातात पडला तेव्हा त्याच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते.