आईची गोधडी आणि उरमोडीचा गाळ

आईनं गोधडी देताना एकच अट घातली. "जशी नेतोयस तशी आणायची." तिच्या दोन जुन्या लुगड्यांची, आत आजीच्या नऊवारीचे तुकडे घातलेली ती गोधडी वजनाला चांगली चारेक किलो भरेल. मी म्हटलं, आई, स्लीपिंग बॅग घेतलीय, तिच्यावर शून्य डिग्री लिहिलंय. "लिहिणाऱ्याचं काय जातंय," म्हणाली, आणि गोधडी स्वतः गाडीत नेऊन टाकली.

आम्ही चौघं साताऱ्याचेच, शाळेपासूनचे. एक गॅरेजवाला, एक मास्तर, एक जनावरांचा डॉक्टर आणि मी बँकेतला. नावं लिहीत नाही, कारण यातलं निम्मं घरी सांगितलेलं नाही. जानेवारीतला दुसरा शनिवार गाठला, म्हणजे बँकेला सुट्टी. गॅरेजवाल्याची जुनी जिप्सी आणि माझी थार, अशा दोन फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या. माझी घेऊन आठ महिने झाले होते आणि तोवर ती फक्त पोवई नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये चालली होती.

बोगद्यातून बाहेर पडलो, सज्जनगडाचा फाटा मागे टाकला, ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर आलो. मूळ बेत तिथंच मुक्कामाचा होता. पण दार उघडलं आणि मास्तरची टोपी पवनचक्क्यांच्या दिशेनं निघून गेली. असल्या वाऱ्यात तंबू म्हणजे पतंग. तासभर पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून गाड्या फिरवल्या. सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, मोकळ्यात मात्र घातल्या नाहीत. कातळावर चार बोटं माती असते आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या झाडांचे कंद उन्हाळा-हिवाळा त्याच मातीत झोपलेले असतात. त्यावरून चाकं फिरवून फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं मत चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मग मागे फिरून परळीच्या अंगाला, उरमोडी धरणाच्या फुगवट्याकडे निघालो. शेवटची दीड-दोन किलोमीटरची उतरण म्हणजे निव्वळ दगड आणि पावसानं पाडलेल्या घळी. इथं गॅरेजवाल्यानं मला पहिला धडा दिला. फोर-लो टाकायचं, म्हणजे चारही चाकांना जोर जास्त आणि वेग अगदी कमी, पहिला गिअर, आणि ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी सुट्या दगडांवरून घसरगुंडी खेळते. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात गाडीचं नाक खाली झुकलेलं, समोर काचेत नुसती दरी, आणि पाय ब्रेकपासून लांब ठेवायचा. मी जमेल तितका ठेवला. पंधरा मिनिटांत कळायला लागलं की गाडी खरंच माणसापेक्षा शांत डोक्याची असते.

खाली एका आबांचं भाताचं मोकळं खाचर होतं, पाण्यापासून बरंच वर. त्यांना विचारून तंबू तिथं लावायचे ठरले. मासेमारीचंही त्यांनाच विचारलं. धरणातल्या मासळीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, कुणीही उठून जाळं टाकायचं नसतं. त्यांच्या ओळखीचा सोसायटीतला एक जण काठावर होता. त्यानं गळाला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि आमच्या रॉडकडे बघून जरा हसला. आबा पैसे घेईनात. शेवटी कंदी पेढ्यांचा पुडा तेवढा घेतला.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझी करामत.

पाणी खाचरापासून लांब दिसत होतं. म्हटलं, सामान हातानं कशाला न्यायचं, गाडीच घालू. आबा बांधावरून ओरडले, "आवं पावणं, तिकडं नगा घालू! वरनं वाळल्यालं दिसतंय, खाली लोणी हाय!" मी काच वर केलेली. ऐकू आलं नाही असं नंतर सांगितलं. खरं म्हणजे ऐकू आलं होतं.

हिवाळ्यात रब्बीसाठी धरणाचं पाणी सुटतं तसा फुगवटा मागे सरकतो आणि पावसाळाभर बुडालेला गाळ उघडा पडतो. वरचा थर उन्हानं वाळून, तडकून फरशीसारखा होतो. त्याखाली हातभर खोल मऊ गाळ तसाच ओला. वीस फुटांवर गाडीचं पुढचं तोंड हळूच खाली बसलं. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला. तीच खरी चूक. चाकं फिरली की स्वतःसाठीच खड्डा खणतात. दहा सेकंदांत चारही चाकं अर्ध्यापर्यंत आत, आणि गाडीचं पोट गाळावर टेकलेलं.

गॅरेजवाला शिव्या न देता खाली उतरला, तेव्हाच मला काळजी वाटली. पुढचे दोन तास त्यानं सांगायचं आणि आम्ही करायचं. आधी चारही टायरची हवा बत्तीसवरून पंधरावर आणली, म्हणजे टायर पसरतो आणि त्याखाली जास्त जमीन येते. मग फावड्यानं चाकांच्या मागचा गाळ उतरता कापला. गाडी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं मागे काढायची, पुढे जायचा मोह धरायचा नाही. जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली गेला. मग आबांनी गोठ्यातनं एक जाड फळी आणून दिली, ती खाली घातल्यावर गाडी उचलली. चाकांखाली दगड आणि करंजाच्या फांद्या कोंबल्या. मास्तर आणि डॉक्टर दगड वाहत होते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

ओढायला जिप्सी कोरड्या जमिनीवर उभी केली. नायलॉनचा जाड पट्टा दोन्ही गाड्यांच्या चेसिसच्या हुकात शॅकलनं, म्हणजे जाड लोखंडी कडीनं, अडकवला. बंपरला नाही, आणि ट्रॉली जोडायचा जो गोळा असतो त्याला तर मुळीच नाही. पट्टा ताणलेला असताना तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून माणसाला लागतो. पट्टाच तुटला तर तोही चाबकासारखा उलटा येतो. म्हणून त्याच्यावर मधोमध काहीतरी जड टाकायचं, तुटला तर तिथंच खाली पडतो.

"काहीतरी जड दे," गॅरेजवाला म्हणाला. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर सगळ्यात वर काय होतं, हे सांगायला नको.

पहिल्या दोन ओढींना गाडी नुसती हलली. तिसऱ्या ओढीला गाळानं मोठ्ठा मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि गाडी मागे सुटली. पट्टा ढिला पडला, गोधडी खाली गाळात, आणि मी रिव्हर्समध्ये जोरात. मागचं उजवं चाक तिच्यावरून गेलं आणि पाठोपाठ पुढचंही. खाली उतरून बघितलं तर जांभळ्या लुगड्यावर टायरची नक्षी इतकी स्वच्छ उमटली होती की कुठल्या कंपनीचा टायर आहे हे कुणीही सांगावं.

अंधार पडला. गळ टाकायला जेमतेम अर्धा तास मिळाला आणि काहीही लागलं नाही. शेकोटी पेटवली, भाकरी आणि खर्डा, वरून झुणका. समोर डोंगरावर सज्जनगडाचे दिवे दिसत होते.

वर पठारावर वारा बोचरा होता, तेव्हा खाली दरीत ऊब असेल असा माझा हिशेब होता. तो साफ उलटा निघाला. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते, आणि थंड हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत येते आणि तळाला साचते. आम्ही त्या साचलेल्या थंडीच्या तळाशी जाऊन झोपलो होतो.

आबा कंदील घेऊन आले. "खाली काय टाकलंय?" विचारलं. मी ऐटीत हवेची गादी दाखवली. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाले, "भाताचं पिंजर घ्या की वंजळभर." गॅरेजवाल्यानं आणि डॉक्टरनं तो पेंढा चार पोती भरून घेतला. मास्तर आणि मी गादीवरच राहिलो, मास्तर ॲलर्जीमुळे आणि मी हट्टामुळे.

मास्तरनं शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत न्यायची कल्पना काढली. तेवढ्यावर डॉक्टर, एरवी म्हशीवरही आवाज न चढवणारा माणूस, असा खेकसला की आम्ही दचकलो. बंद तंबूत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, धूर नाही. झोपलेला माणूस झोपेतच राहतो. घमेलं बाहेरच राहिलं.

रात्री दोनला जाग आली ती पाठीमुळे. वरून ठीक होतं, स्वेटर, जर्किन, कानटोपी सगळं होतं. खालून मात्र कुणीतरी बर्फाची लादी सरकवल्यासारखं वाटत होतं. नुसत्या हवेच्या गादीत हवा फिरत राहते, जमिनीची थंडी वर आणते आणि अंगाची ऊब खाली नेते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्याच वजनानं दबून कागदासारखा होतो, तो काय अडवणार. आणि त्या शून्य डिग्रीचा अर्थ मला नंतर कळला. बॅगवरचा आकडा बहुतेक वेळा निभावून नेण्याचा असतो, सुखानं झोप लागण्याचा नव्हे. त्यात मी शहाणपणा करून तंबूच्या सगळ्या चेनी बंद केलेल्या. श्वासाची वाफ आतून कापडाला धरली होती आणि हललं की थेंब तोंडावर पडत होते.

गोधडी बाहेर बांधावर वाळत टाकली होती. वाळत कसली, कडक झाली होती. हात लावून बघितला आणि सोडून दिली.

अडीचला मी मुकाट्यानं डॉक्टरच्या तंबूत शिरलो. त्यानं डोळे न उघडता एक पोतं माझ्याकडे सरकवलं. पिंजर दाबलं तरी त्याच्या काड्यांत आणि काड्यांमध्ये हवा अडकून राहते, ती गादीतल्यासारखी फिरत नाही. पाच मिनिटांत पाठीचं दुखणं थांबलं. मान आणि पाय खाजत होते, वास गोठ्याचा, पण सहापर्यंत मेल्यासारखा झोपलो. पहाटे डॉक्टरच्या लसीच्या पेटीतल्या थर्मामीटरनं सात डिग्री दाखवलं. कागदावर सात म्हणजे काहीच नाही. हिमालयात जाणारे हसतील, हसू देत.

उजाडताना पाण्यावरून वाफा निघत होत्या. पाणी हवेपेक्षा उबदार असतं ना. त्या धुक्यात मला एक डोकं आणि दोन हात तरंगताना दिसले. जवळ आल्यावर कळलं, कालचा सोसायटीवाला. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसलेला, गुडघ्यापासून पाय पाण्यात, रात्रीचं जाळं हातानं सोडवत होता. जाळ्याच्या डोळ्यात अडकलेला मासा तो कल्ल्याखाली अंगठा घालून एका झटक्यात पुढे ढकलून काढायचा, ट्यूबला बांधलेल्या पिशवीत टाकायचा, की पुढचा डोळा. अंगात साधा सुती शर्ट. मी कानटोपी काढून खिशात घातली.

"आता कशाला गळ टाकताय," तो म्हणाला, "ऊन चढू द्या." थंडीत मासा सुस्त होतो, खोलात बसतो, खाण्यासाठी हालत नाही. दहानंतर उथळ पाणी तापलं की काठाला येतो. गोळा पण लहान हवा, हरभऱ्याएवढा. आम्ही आदल्या दिवशी लिंबाएवढे लावत होतो. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून घेतली, थर्मोकोलचा तुकडा तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, बांधला आणि बसलो. साडेदहाला तो तुकडा दोनदा थरथरला, मग तिरका होऊन सरळ आत गेला. चिलापी. वीतभर, पण काठावर येईपर्यंत रॉड वाकवला तिनं. बारापर्यंत तीन झाल्या, तिन्ही मास्तरच्या गळाला. माझ्या गळाला एकदा मुळं लागली आणि एकदा मास्तरची चप्पल.

तीन चिलापीत चौघांचं काय होतंय. सोसायटीवाल्याकडून दीड किलोचा रोहू विकत घेतला, हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर टाकला. घरच्या फोटोत मात्र तो रोहू माझ्या हातात आहे.

निघताना टायरमध्ये हवा परत भरली, फळी धुऊन आबांच्या गोठ्यात ठेवली. पिंजर परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू द्या, म्हशीला घालतो.

घरी पोचल्यावर गोधडी आधी मागच्या दारानं मोरीत टाकायचा बेत होता. आई मागच्या दारातच उभी होती. तिनं ती उलगडली, टायरच्या नक्षीवरून हात फिरवला आणि काही बोलली नाही. सोमवारी बँकेतून आलो तेव्हा ती गच्चीवर दोन दोऱ्यांवर पसरलेली होती. आई खाली वाकून कडेच्या शिवणीतून काहीतरी हळूहळू ओढून काढत होती. मासा धरायचा गळ, सहा नंबरचा, वाळलेल्या कणकेसकट.

"याला काही लागलं होतं का," तिनं विचारलं, "का हीच?"