हेगच्या कोर्टात पेशव्यांचा तह!

आज दिवसभर बडोद्याच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून पोर्तुगाल विरुद्ध भारत ही केस वाचली, आणि डोकं अजून तिथंच आहे. चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या, पोर्तुगीजांच्या दादरा नगर हवेलीवरची केस, 1955 मध्ये पोर्तुगाल हेगच्या इंटरनॅशनल कोर्टात गेलं की दमणहून तिकडे जायला आम्हाला भारतातून रस्ता द्या, आणि आधार काय दाखवला तर पेशव्यांशी झालेला 1779 चा तह!! मग कोर्टाने तो तह, 1783 आणि 1785 च्या सनदा, सगळं तपासलं आणि म्हटलं की मराठ्यांनी पोर्तुगीजांना फक्त महसूल घ्यायचा हक्क दिला होता, मुलुखाची मालकी नाही. काय भारी वाटलं वाचताना, सांगता येत नाही.

निकाल 1960 चा. साध्या माणसांना, अधिकाऱ्यांना, मालाला जायचा हक्क होता पण सैन्याला आणि शस्त्रांना नाही, आणि 1954 मध्ये रस्ता अडवला त्यात भारताने काही नियम मोडला नाही. नियम मोडला नाही हे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरलं, म्हणजे वाटतं तेवढं सोपं नव्हतं ते.

संध्याकाळी घरी दांडिया बाजारात आल्यावर आजीला सगळं सांगितलं, ती म्हणाली "अगं मग ते कागद नीट जपून ठेवले म्हणून ना!" खरंच आहे. लोक विचारतात हे शिकून करणार काय, मला तर हेच करायचंय, असे कागद वाचायचे. उद्या छागलांचं वेगळं मत वाचायला घेतेय, ते या केससाठी भारताने नेमलेले जज होते. कुणी वाचलं असेल तर कमेंटमध्ये बोला ना.